फत्तेपूर सिक्रीत फोटो काढायचे तर आधी ऊन बघा

मी पहिल्यांदा सिक्रीला गेले ती मे महिन्यात, भर दुपारी. सकाळी ताजमहाल, दुपारी सिक्री आणि रात्री परतीची गाडी असा बेत होता. आपल्याकडून आग्र्याला जाणाऱ्या बहुतेकांचा तोच असतो. तीनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर लाल दगड फिका विटकरी, आकाश पांढरंफटक आणि खांबांवरचं कोरीवकाम जणू पुसून टाकलेलं. डोळ्यांनी जे पाहिलं होतं ते त्या फोटोंत कुठेच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. त्यानंतर दोनदा गेले, दोन्ही वेळा हिवाळ्यात, एकदा आईला सोबत घेऊन. फोन तोच होता. वेळ बदलली आणि उभं राहायची जागा बदलली, एवढंच. फोटो मात्र असे आले की त्यातले दोन आजही आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेले आहेत.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी, हातात साधा फोन असला तरी उपयोगी पडेल असं, मला जमलेलं सगळं इथे क्रमाने लिहिते.

जाण्याआधी: कोणती इमारत कुठे तोंड करून आहे

अकबराने १५७१ च्या सुमारास सिक्रीच्या टेकडीवर राजधानी उभारायला घेतली. सूफी संत शेख सलीम चिश्ती तिथे राहत असत आणि शाहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, १५६९ साली तिथेच जन्मला. १५८५ मध्ये बादशहा लाहोरकडे गेला आणि राजधानी हलली. जेमतेम चौदा वर्षं नांदलेलं शहर आहे हे. पुढच्या बादशहांनी त्यात फारशी मोडतोड केली नाही, म्हणून एकाच काळाचं, एकाच दगडाचं, एकसंध असं ते आज उभं आहे. दगडही त्याच टेकडीतून काढलेला. १९८६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

फोटोच्या दृष्टीने यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. टेकडी नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरकी गेलेली आहे, पण तिच्यावरच्या इमारती तिरक्या नाहीत. त्या सरळ पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण बांधलेल्या आहेत. म्हणून चौक एकमेकांना खेटून, पण थोडे थोडे सरकवलेले दिसतात. आपला फायदा असा की प्रत्येक इमारतीचं तोंड नेमकं एखाद्या दिशेला आहे, आणि तिच्यावर ऊन कधी येणार हे घरबसल्या सांगता येतं.

दिवाण-ए-आममधली बादशहाची बैठक पूर्वाभिमुख, म्हणून सकाळी उजळते. पंचमहाल मोठ्या चौकाच्या पश्चिमेला, त्याची चौकाकडची बाजूही सकाळचीच. दिवाण-ए-खास चौकाच्या उत्तर टोकाला, त्यामुळे आपल्याला दिसणारी त्याची बाजू दक्षिणेकडची; हिवाळ्यात तिथे जवळजवळ दिवसभर ऊन. बुलंद दरवाजाही बाहेरून दक्षिणेकडे तोंड केलेला. त्याची आतली, मशिदीच्या अंगणाकडची बाजू मात्र हिवाळ्यात सावलीतच असते. तिथे ऊन येईल म्हणून थांबू नका.

कागदावर चौकाचा ओबडधोबड नकाशा काढा, प्रत्येक इमारतीपुढे «सकाळ» किंवा «दुपार» लिहा आणि तो कागद खिशात ठेवा. आणखी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं कराच.

महिना आणि वेळ

आग्र्याच्या भागात जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, क्षितिजापासून ८६ अंशांवर. डिसेंबरच्या अखेरीस तोच दुपारी बाराला फक्त ४० अंशांवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात सावली छज्जाखालीच अडकते, तर हिवाळ्यात भर दुपारीही ऊन तिरकं पडतं आणि कोरीवकामाचा उठाव दिसतो. माझे मे महिन्यातले फोटो का फसले, याचं कारण हेच.

ऑक्टोबरअखेर ते मार्चचा मध्य हा चांगला काळ. त्यातही डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीत दाट धुकं पडतं, तेव्हा दहा-अकरापर्यंत काही दिसत नाही असेही दिवस येतात. धुक्यात पंचमहाल विरघळल्यासारखा दिसतो आणि तो फोटो मला आवडतो, पण एकच सकाळ हाताशी असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी निवडा. पावसाळ्यालाही नाही म्हणू नका. पाऊस पडून गेल्यावर हा दगड गडद, जवळजवळ डाळिंबाच्या दाण्यासारखा होतो आणि फरशीवर साचलेल्या पाण्यात खांब उलटे उभे राहतात.

महालांचा भाग सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडा असतो. आग्र्यापासून अंतर ४० किलोमीटरच्या आत आहे, पण तासभर तरी धरा. गाडी खालच्या वाहनतळावर ठेवून तिथल्या बसने वर जावं लागतं, तेही वेळेत मोजा. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, म्हणून बरेच जण सिक्रीकडे वळतात. शिवाय दुपारी जुम्म्याची नमाज असते. निवांतपणा हवा असेल तर शुक्रवार टाळा.

सोबत काय घ्यायचं

फोन पुरेसा आहे. भिंग पुसायला सुती रुमाल, चार्जिंगची बॅटरी, पाण्याची बाटली. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल आणि पायात घालायला मोजे. ते का, ते दर्ग्याच्या ठिकाणी सांगते. ट्रायपॉड नेऊ नका, पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी असल्याशिवाय तो लावू देत नाहीत. ड्रोनला मनाईच आहे.

फोनमध्ये आदल्या रात्री दोन गोष्टी करा. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा दाखवणारी ग्रिड चालू करा. आणि व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सोय) बदलता येत असेल तर «ऑटो» काढून «सूर्यप्रकाश»वर ठेवा. सगळी चौकट लाल दगडाने भरली की फोनला वाटतं, रंगात काहीतरी चूक आहे. मग तो आपणहून लाली कमी करतो आणि सिक्रीची सिमेंटची भिंत होते.

आत शिरताना

महालांना दोन प्रवेशद्वारं आहेत: एक दिवाण-ए-आमकडून, दुसरं जोधाबाई महालाकडून. सकाळी गेलात तर दिवाण-ए-आमकडूनच आत जा. सूर्य पाठीशी असतो, आणि एकेक चौक ओलांडत दुसऱ्या दाराने बाहेर पडलात की मशीद समोर येते. वाटेत स्वतःला गाईड म्हणवणारे गाठतातच. एकाने मला «फोटोची खास जागा दाखवतो» म्हणून घाईघाईने थेट दर्ग्याकडे नेलं होतं, आणि सकाळचं सगळं ऊन त्या फेरीत गेलं. गाईड हवाच असेल तर ओळखपत्र पाहून घ्या, आणि आधीच सांगा की मी प्रत्येक ठिकाणी थांबणार आहे.

प्रत्येक इमारतीपाशी पहिला फोटो माहितीफलकाचा काढा. महिनाभराने शंभर लाल खांबांतून कोणता कुठला हे आठवत नाही; फलकामुळे फोटोंचे आपोआप गट पडतात.

दिवाण-ए-आमचं अंगण खूप मोठं आहे आणि बादशहाची बैठक त्या मानाने लहान. बहुतेक जण दारातूनच फोटो काढतात आणि त्यात नुसती हिरवळ येते. पुढे चालत जा, बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या दगडी जाळ्या स्पष्ट दिसेपर्यंत. सकाळी आपलीच लांब सावली चौकटीत येते. दोन पावलं बाजूला सरका किंवा ती एखाद्या खांबाच्या सावलीत मिसळू द्या.

पंचमहाल आणि मोठा चौक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पाच मजले, वर जाताना लहान होत गेलेले. तळाशी ८४ खांब, मग ५६, २०, १२ आणि सगळ्यात वरच्या छत्रीला ४. एकूण १७६. भिंती नाहीतच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे या इमारतीतून आरपार आकाश दिसतं. तिचा फोटो म्हणजे खांब आणि त्यांच्यामधली पोकळी, दोन्हींचा फोटो.

सकाळी अनुप तलावाच्या आग्नेय कोपऱ्यावर जा. तलावाच्या मधोमध चौथरा आहे आणि चारी बाजूंनी तिथे जाणाऱ्या अरुंद दगडी वाटा. गुडघ्यावर बसा, फोन पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. पाणी बहुधा हिरवट असतं, त्याने बिघडत नाही. उलट लाल दगडाखाली हिरवा रंग शोभतो. वारा थांबेपर्यंत वाट पाहा. आई मागे उभी राहून म्हणाली, «अगं, पाण्याकडे काय एवढं बघत बसलीस?» आणि मिनिटभराने वारा पडला तशी तीच म्हणाली, «आता काढ, आता काढ!» पाचही मजले पाण्यात उतरले होते.

आता एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. उन्हातल्या लाल दगडाचा लाल रंग इतर रंगांआधी फुटतो, म्हणजे त्यातला बारकावा निघून जाऊन नुसता सपाट पट्टा उरतो. पडद्यावर दगडाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथेच पक्का होईल. मग बोट थोडं खाली ओढा, चित्र किंचित काळोखं वाटेपर्यंत. काळोखं चित्र घरी उजळता येतं, फुटलेला रंग परत येत नाही.

दुसरी गोष्ट सरळ रेघांची. उंच इमारतीसाठी फोन वर वळवला की खांब आत झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. फोन भिंतीसारखा उभा धरा, मागे चालत जा, आणि लागलं तर दुपटीचा झूम वापरा. जवळून रुंद भिंगाने काढण्यापेक्षा लांबून झूमने काढलेला पंचमहाल डोळ्यांना दिसतो तसा येतो. हा चौक मोठा आहे, मागे जायला भरपूर जागा आहे.

चौकाच्या फरशीत सोंगट्यांच्या पटासारखा मोठा पट आखलेला आहे. बादशहा इथे माणसांच्या सोंगट्या करून खेळत असे, अशी कथा सांगतात. उभ्याने काढलेल्या फोटोत तो ओळखूसुद्धा येत नाही. त्याच्या एका फाट्याच्या टोकाला उभं राहून फोन डोक्यावर उंच धरा आणि पटाची रेघ थेट दिवाण-ए-खासकडे जाईल अशी चौकट लावा.

संध्याकाळी गेलात तर याच चौकात उलटं करा. पूर्वेकडे, दिवाण-ए-आमच्या बाजूला उभे राहा. सूर्य पंचमहालामागे उतरत असेल. आकाशावर बोट दाबून उजेड पक्का करा, इमारत पूर्ण काळी पडू द्या. मजल्यांची जाळी नुसत्या रेघांत दिसते. हा फोटो शेवटच्या अर्ध्या तासातच मिळतो, आणि तेवढ्यात पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या सुरू होतात. जागा आधीच ठरवून ठेवा.

दिवाण-ए-खासचा खांब

ही इमारत बाहेरून दुमजली वाटते, पण आत एकच उंच दालन आहे आणि मधोमध तो प्रसिद्ध खांब: खाली चौकोनी, मग अष्टकोनी, आणि डोक्यावर ३६ नागमोडी ब्रॅकेटांचा, म्हणजे वरचा भार पेलणाऱ्या दगडी आधारांचा, गुच्छ. त्यावर गोल आसन आणि तिथून चार कोपऱ्यांकडे जाणारे चार दगडी पूल.

आत अंधार आणि चारी दारांतून भगभगीत उजेड. दाराच्या सरळ रेषेत उभे राहिलात तर खांबामागे समोरचं दार येतं आणि खांब काळा पडतो. म्हणून कोपऱ्यात जा, तिरके उभे राहा. खांबामागे समोरचा कोपरा येईल आणि दारांचा उजेड खांबावर दोन्ही बाजूंनी पडेल. मग खाली बसा आणि ब्रॅकेटांवर फोकस ठेवून वर बघत काढा. श्वास रोखून, कोपर गुडघ्यावर टेकवून. अंधारात हात हलला की सगळं गेलं. फ्लॅश नको, त्याने ब्रॅकेटांमधल्या सावल्या मरतात, आणि त्या सावल्यांमुळेच तर तो गुच्छ फुलासारखा दिसतो.

माणसं येत-जात राहतात. चिडू नका. एका गटाचा गाईड साधारण ठरावीक वेळ बोलतो आणि सगळे एकदम निघतात. पुढचा गट येईपर्यंत अर्धा-एक मिनिट दालन तुमचं असतं.

दुपार: बारीक कामाकडे

ऊन चढलं की मोठ्या इमारतींचा नाद सोडा आणि सावलीत शिरा. अनुप तलावाच्या ईशान्य कोपऱ्यावरचं तुर्की सुलतानाचं म्हणून ओळखलं जाणारं छोटं घर मला संपूर्ण सिक्रीत सगळ्यात प्रिय आहे. दगडावर सुतारकाम केल्यासारखं ते कोरलेलं आहे. भिंतीच्या खालच्या भागात झाडं, वेली, पक्षी, जनावरं. एका पटलापुढे मी अर्धा तास बसले होते. झाडाचं खोड, त्याच्या सालीच्या रेघा, पानांच्या शिरा, आणि खाली उभं जनावर. पाय, पोट, शेपूट सगळं शाबूत, पण तोंड मात्र छिन्नीने उडवलेलं. समोरून काढलेल्या फोटोत तिथे नुसता पांढरट डाग दिसत होता. पटलाच्या एका बाजूला सरकून, ओसरीतला उजेड भिंतीवरून घसरत जाईल अशा कोनात उभी राहिले, तेव्हा छिन्नीचे घावही एकेक मोजता येतील असे उठून आले. कोरीवकामाचा फोटो समोरच्या नव्हे, बाजूच्या उजेडात काढायचा असतो. हात मात्र लावू नका. घामाने दगड काळा पडतो.

जोधाबाई महालाच्या अंगणात दक्षिणेकडे उभे राहून उत्तरेच्या छपराकडे पाहा. निळ्या झिलईच्या फरशा अजून टिकून आहेत. त्या उतारावर दुपारी छान ऊन असतं, आणि लाल भिंत, निळं छप्पर, त्यावर आकाशाचा वेगळा निळा असे तीन पट्टे मिळतात. खांबांवर कोरलेल्या साखळी-घंटा शोधा. बिरबलाचं घर म्हणतात ती इमारतही आतबाहेर कोरलेली आहे. वेळ कमी असेल तर तिथे फक्त छज्जाखालचे ब्रॅकेट काढा आणि पुढे चला.

माणसांविषयी. एवढ्या मोठ्या दगडी पसाऱ्यात एक माणूस हवाच, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही. लाल, केशरी, तपकिरी कपडे इथे दगडात हरवतात. हिरवा, पांढरा, निळा, पिवळा रंग उठून दिसतो. आईला मी मुद्दाम हिरवी साडी नेसायला सांगितली होती. तिला कॅमेऱ्याकडे पाहायला लावलं नाही. खांबांच्या ओळीतून नुसती चालत जा म्हटलं. ती मध्येच थांबली, मान वर करून छताकडे पाहू लागली, आणि तोच फोटो.

मशीद, दर्गा, बुलंद दरवाजा

हा भाग महालांपासून वेगळा आहे, इथे तिकीट नाही, पण हे नांदतं धर्मस्थळ आहे. चपला काढाव्या लागतात आणि उन्हात तापलेली फरशी पाय भाजते, म्हणून मोजे. दर्ग्यात डोकं झाकून जा.

सलीम चिश्तींचा दर्गा पांढऱ्या संगमरवराचा आहे, भोवती सगळं लाल. इथे कॅमेऱ्याला उलटं सांगावं लागतं. पांढरं पाहून तो चित्र काळपट करतो, म्हणून संगमरवरावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. आतल्या फेरीच्या मार्गावर संगमरवरी जाळ्या आहेत. उन्हाच्या वेळी त्यांची नक्षी फरशीवर पडते. फोटो जाळीचा काढण्याऐवजी त्या सावलीचा काढून पाहा.

लोक जाळीला धागे बांधत असतात, कुणी मूल मागत असतं, कुणी आजारपणातून सुटका. त्यांच्या चेहऱ्यांवर झूम करू नका. फोटो हवाच असेल तर आधी विचारा; «एक फ़ोटो ले लूँ?» एवढं पुरतं. नाही म्हणाले तर फोन खाली. दर्ग्यासमोर कव्वाली चालू असेल तर बसून ऐका, फोटो काढल्यास समोर काहीतरी ठेवा. नमाजाच्या वेळी फोन खिशातच असू द्या.

शेवटी बुलंद दरवाजा. पायऱ्यांसह खालच्या जमिनीपासून उंची सुमारे ५४ मीटर. अंगणातून बाहेर पडून सगळ्या पायऱ्या उतरा, रस्त्यापर्यंत मागे जा आणि मगच वळून पाहा. पायऱ्यांवर बसलेली माणसं मुंगीएवढी दिसतात, त्यांना चौकटीतून काढू नका. कमानीत मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकत असतात, ती झूमने लांबूनच टिपा. कमानीभोवतीच्या अक्षरांच्या पट्ट्यांत येशूच्या नावाने एक वचन आहे: जग हा पूल आहे, त्यावरून जा, पण त्यावर घर बांधू नका. दुपारनंतर पश्चिमेकडून आलेल्या तिरक्या उन्हात ती अक्षरं झूमने स्वच्छ येतात.

त्याच रात्री

खोलीवर आलात की झोपण्यापूर्वी फोटो एकदा चाळा. एकसारख्या दहांतला एक ठेवा, बाकीचे काढून टाका. घरी गेल्यावर हे कधीच होत नाही. ठेवलेल्या फोटोंची प्रत दुसरीकडे करा. तिरकी क्षितिजरेघ सरळ करा, सावल्या थोड्या उजळा, लाल रंग वाढवू नका. दगड मुळातच लाल आहे. मग ठेवलेल्या प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहा: कुठे उभे होतात, किती वाजले होते, ऊन कुठून येत होतं. माझ्या वहीत पंचमहालाच्या त्या फोटोखाली लिहिलंय: «तलावाचा आग्नेय कोपरा, सव्वाआठ, वारा पडला, आई ओरडली.»